सरदारांच्या हाती दिलेला कागद

तोआफाले, टोंगातापू बेट, टोंगा
१० सप्टेंबर १९९०

चि. मोसेसे यास,
अ. उ. आ.

तुझी तार पोचली. दोन ओळींची तार, त्यातली एक ओळ नुसता पत्ता. तू येणार नाहीस हे मला कळून चुकलं होतं, पण आत्या तीन दिवस दारात बसून प्रत्येक गाडीला हाच का तो म्हणून विचारत होत्या. शेवटी मी सांगून टाकलं की मालकाने रजा दिली नाही. खरं कारण मला कळव, किंवा नको कळवूस. पण पुढच्या वेळी लोकांना काय थाप मारायची ते तरी आधी ठरवून ठेव, ऐनवेळी मला सुचत नाही.

बाबांचं सगळं रीतीने पार पडलं. आपण त्यांची पोरं, म्हणजे त्या दिवसांत घरात सगळ्यांत खालची. मी केस कापले, फाटकी चटई अंगाभोवती गुंडाळली आणि दहा दिवस मागे चुलीच्या धुरात काढले. बाबांच्या उशाशी आत्या. चांगल्या चटया, झाडाच्या सालीच्या कापडाचे गठ्ठे, सगळं त्यांच्यापुढे आलं आणि त्यांच्याकडेच गेलं. न्यायला ट्रक मागवावा लागला. कुरकुर करत नाही मी, बहिणीचा मानच आहे तो. उद्या तुझ्या मयताला मीही ट्रक घेऊन येईन, तुझ्या आनाला आत्ताच सांगून ठेव.

आपले नवे सरदार हाउमोलेही येऊन गेले. थोरल्या सरदारांची गादी त्यांच्याकडे येऊन दोन वर्षं झाली, तरी लोक अजून त्यांना मनातल्या मनात पोरगाच म्हणतात. शहरातून आले, पाव तास बसले, घड्याळ बघितलं आणि गेले. थोरले असते तर रात्रभर बाबांच्या शेजारी बसून कावाच्या मुळांचा काढा प्याले असते.

आता मुद्द्याचं बोलते. बाबांच्या नावावरची आठ एकर आता तुझी. मी थोरली, घरात पहिलं पान माझं, तू माझ्यासमोर मोठ्याने हसतसुद्धा नाहीस, पण जमीन बाईच्या नावावर चढत नाही. भाऊ असताना तर नाहीच. मान सगळा माझा आणि माती तुझी, असा आपल्याकडचा कायदा. माझ्या फिलिमोनेच्या घरची जमीन त्याच्या थोरल्या भावाकडे गेली, म्हणून तर तो बिचारा आपल्याकडे येऊन राहिला, आणि समुद्राने नेला तेव्हाही आपल्याच दारातून गेला. मी आणि माझा सेमिसी या आठ एकरांवरच जगतो. घरही त्यातच आहे.

बाबा गेले २४ ऑगस्टला. पुढच्या २४ ऑगस्टच्या आत वारसाने, म्हणजे तू, सही-शपथेचा कागद जमीन कचेरीत द्यायचा. नाही दिला तर जमीन सरदारांकडे परत जाते. वर्ष म्हणजे पुष्कळ वेळ आहे असं तू म्हणशील. तू तारेला चार दिवस घेतलेस, म्हणून आत्तापासून सांगते आहे.

सेमिसी तेरा वर्षांचा झाला आणि बकाबका खातो. आनाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी माया आहेच, ती अधूनमधून पत्राने दिसू दे.
लेसिएली

—

मांगेरे, ऑकलंड
४ नोव्हेंबर १९९०

ती. ताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. तुम्ही धुरात बसला होता आणि मी इथे कारखान्यात गोठलेलं मटण कापत होतो, या गोष्टीची लाज माझ्या मनातून जात नाही.

खरं कारण लिहितो. माझी इथे राहायची परवानगी सहा वर्षांपूर्वीच संपली. काम करतो ते चुलतभावाच्या नावावर. इथून बाहेर पडताना कोणी अडवत नाही, पण पुन्हा आत घेत नाहीत. बाबांना खांदा द्यायला आलो असतो तर मुलांची शाळा, आनाचं काम, सगळं तिथेच संपलं असतं. विमानतळापर्यंत गेलो होतो ताई. पिशवीही भरली होती. तिथून परत आलो. हे तुमच्यासमोर बसून मला कधी बोलता आलं नसतं. भावाने बहिणीपुढे असलं रडगाणं गायचं नसतं, पण कागदाला तोंड नसतं म्हणून लिहून टाकलं.

जमिनीचं मनावर घेतलं आहे. खरं सांगू का, मला तेवढीच एक आशा आहे. इथे मी कोणीच नाही. एक दिवस पकडतील आणि पाठवून देतील, तेव्हा परत यायला आठ एकर आहेत एवढ्या धीरावर मी पहाटे उठतो. मला तिथे व्हॅनिला लावायची आहे. बाबा हसायचे त्या कल्पनेला.

वकिलासमोर सही करायची तर तो माझे इथले कागद विचारेल, म्हणून जरा चाचरतो आहे. आपल्या चर्चचे पाद्रीसाहेब एका भल्या वकिलाला ओळखतात. त्यांच्याकडून करून घेतो आणि पाठवतो. फक्त एक विनंती. कागद आला की, तुम्हाला योग्य वाटलं तर, म्हणजे शहरात जाणं झालं तर, तो कचेरीतच दिलेला कदाचित बरा. तुम्ही ठरवाल तेच योग्य.

सेमिसीला खाऊ द्या, इथून बूट पाठवतो आहे.

आपल्या पायाशी जागा आहे तशी राहू द्यावी.
मोसेसे

—

तोआफाले
१७ मार्च १९९१

चि. मोसेसे यास,
अ. उ. आ.

कागद आला. काय तो शिक्का, काय ती लाल फीत. वकिलाने तुला तुझ्याच नावाने सही करू दिली म्हणजे तो खरंच भला दिसतो.

विमानतळाचं वाचलं. त्यावर मी काही लिहीत नाही. बूट सेमिसीला एक बोट मोठे आहेत, म्हणजे दोन महिन्यांत बरोबर होतील.

तर ऐक, काम झालं. मंगळवारी पाउलामामाला बरोबर घेऊन सरदारांच्या अंगणात गेले. दोन टोपल्या कोनफळं, एक डुक्कर आणि कावाची मोठी जुडी. नेहमीसारखे त्यांचे चांगले शब्द मामाच्या तोंडून आले आणि माझे मामाच्या तोंडून गेले. सरदारांच्या वतीने बोलायचं हे मामाच्या घराण्याचं काम, आणि माणूस बोलतोही किती गोड. आपली आई त्याची थोरली बहीण, म्हणजे आपला त्याच्यावर हक्क. त्याचं डुक्कर आपण न विचारता सोडून आणायचो, आठवतं? तो नुसता हसायचा.

मी कागद पुढे केला. सरदारांनी तो स्वतःच्या हाताने घेतला, उघडून वाचला. आणि मग मामाला मध्ये न घालता सरळ माझ्याशी बोलले. म्हणाले की तोमासीची लेक आपल्या दारी आली हे बरं केलं, कागद आपण स्वतः जमीनखात्याच्या मंत्र्यांच्या हाती देऊ, गुरुवारी सभागृहात ते शेजारीच बसतात. माझे डोळे भरून आले. बाबांना बघायला हवं होतं.

तू कचेरीतच द्या म्हणून लिहिलं होतंस, म्हणजे तुझ्या त्या वाकड्यातिकड्या पद्धतीने लिहिलं होतंस. अरे, आपण काय गोरे आहोत का? ज्यांच्या जमिनीवर तीन पिढ्या खाल्लं त्यांना ओलांडून कारकुनाच्या खिडकीत कागद सरकवायचा? ते उद्या गाडीतून जाताना मी कुठे तोंड लपवू? तुझं डोकं तिकडच्या थंडीने आखडलं आहे.

निघताना त्यांनी आईच्या जुन्या चटईची चौकशी केली. आहे का अजून, असं विचारलं. आहे म्हटलं.

मायेत अंतर पडू देऊ नकोस, आणि डोक्यावर टोपी घालत जा.
लेसिएली

—

मांगेरे, ऑकलंड
९ जून १९९१

ती. ताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

सरदारांनी कागद स्वतः घेतला हे वाचून समाधान वाटलं. कचेरीकडून पोच आली असेलच. नसेल आली तर सहज, शहरात बाजाराला जाणं झालं तर, विचारता येईल का? घाई मुळीच नाही. फक्त तारीख २४ ऑगस्ट आहे, ती तुम्हाला माझ्याहून जास्त लक्षात असणार.

मुलं बरी आहेत. तेविता शाळेतून येऊन इंग्रजीतच बोलतो, मी टोंगनमध्ये उत्तर देतो, असं आमचं चालतं.

आपल्या पायाशी असलेला,
मोसेसे

वन्सं, सा. न. हे तुम्हाला कधी स्पष्ट सांगणार नाहीत, म्हणून मी पाठीमागे लिहिते आहे. हे रात्ररात्र जागे असतात. सरदारांकडे जाऊन कागद परत मागा आणि स्वतःच्या हाताने कचेरीत द्या. मी धाकटी, मला बोलायचा अधिकार नाही, पण बोलले. राग माझ्यावर काढा. आना.

—

तोआफाले
१४ जुलै १९९१

चि. मोसेसे यास,
अ. उ. आ.

आनाला सांग, राग आला होता. दोन दिवस पुरला, मग ओसरला. बायकोला नवऱ्याची झोप दिसते, माझ्या फिलिमोनेची मलाही दिसायची.

पण दिलेला कागद परत मागायचा म्हणजे तुमच्यावर आमचा विश्वास नाही असं तोंडावर म्हणायचं. ते माझ्याच्याने होणार नाही. मामाला दोनदा विचारलं. तो म्हणाला, सरदारांना घाई केलेली आवडत नाही, ते सध्या महाराजांच्या वाढदिवसाच्या गडबडीत आहेत.

वाढदिवस मोठा झाला. आपल्या गावाने सालीच्या कापडाचा शंभर हातांचा तुकडा नेला आणि वर आईची चटई. होय, दिली मी. मामा घरी येऊन बसला आणि म्हणाला की सरदारांना यंदा महाराजांपुढे मान राखायचा आहे, आणि आपलंही काम त्यांच्याकडे आहे. आईच्या आईने विणलेली, तीन लग्नं आणि चार मयतं बघितलेली, हातात घेतली तर रेशमासारखी. गेली ती. महाराजांकडे गेली याचं दुःख नाही, मिरवणुकीत मी ती लांबून बघितली आणि गर्वच वाटला. पण चटईवर नाव हाउमोलेंचं होतं. नाव म्हणजे काय, लोकांच्या तोंडी तेच होतं.

चटई दिली म्हणजे आता ते विसरणार नाहीत. एवढा विचार तर माणूस करतोच ना.

सेमिसीला बूट बसले.

तू झोपत जा.
लेसिएली

—

तोआफाले
१९ सप्टेंबर १९९१

चि. मोसेसे,
अ. उ. आ.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

२४ तारीख गेली. दोन सप्टेंबरला सकाळी तीन माणसं फीत घेऊन शेतात आली. मी कोनफळाच्या वेलांना काठ्या लावत होते. मला वाटलं कचेरीची माणसं, तुझ्या नावाची मोजणी करायला आली. शहाळी काढून दिली त्यांना. पिऊन झाल्यावर त्यातला एक म्हणाला की मावशी, या काठ्या आता कशाला लावता, पुढच्या महिन्यात इथे भोपळे लागणार. जपानला जातात ते भोपळे. सरदारांनी जमीन एका व्यापाऱ्याला दिली आहे.

मी चालतच सुटले, पुढे बस मिळाली. जमीन कचेरीत एक मुलगी होती, तिने तीन वह्या काढून बघितल्या. चांगली होती पोर, पाणी दिलं मला. तोमासीच्या वारसाचा कागद कधी आलेलाच नाही म्हणाली. कोणाकडे दिला होता म्हणून विचारलं. सांगितलं. ती वह्या परत ठेवू लागली.

सरदारांकडे गेले. ते भेटले नाहीत. मामा बाहेर आला. म्हणाला की सरदारांना कुठलाही कागद आठवत नाही, पण तोमासीच्या लेकीला घरातून कोणी उठवणार नाही, ती त्यांची कृपा आहे. मी मामाला म्हटलं, तू तर शेजारी बसला होतास. तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

मोसेसे, तू सांगितलं होतंस. वाकडंतिकडं का होईना, सांगितलं होतंस. आनाने सरळ सांगितलं. माझ्या मानाने तुझी जमीन घालवली. मला शिव्या दे. भावाने बहिणीला द्यायच्या नसतात, पण पत्रात दे.

लेसिएली

—

मांगेरे, ऑकलंड
६ ऑक्टोबर १९९१

ती. ताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

शिव्या कशाच्या ताई. मीच स्पष्ट लिहायला हवं होतं. तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं, कारण बहिणीला हे करा असं सांगायची माझी जीभ वळत नाही. तुम्ही मान राखलात आणि मीही मान राखला. त्या दोन मानांच्या मधून ते ट्रॅक्टर घालून गेले.

पण मी सोडणार नाही. पाद्रीसाहेबांच्या वकिलाकडे त्या कागदाची प्रत आहे, शिक्क्याची, तारखेची. तिकडे शहरात आपल्या बाजूने लढेल असा एक वकील ठरवला आहे, जमीन न्यायालयात दावा लावतो आहे. पाउलामामांनी फक्त खरं बोलावं. कागद सरदारांच्या हातात गेला एवढं एकच वाक्य.

आपला,
मोसेसे

—

तोआफाले
२६ जानेवारी १९९२

चि. मोसेसे यास,
अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र बघून फाडून टाकावंसं वाटेल, पण आधी वाच.

पुढच्या महिन्यात मला कोर्टात बोलावलं आहे. तुझ्या वकिलाचा माणूस घरी आला होता, एक वाक्य पाहिजे म्हणाला. अरे, एक वाक्य म्हणजे काय ते तुला तिकडे बसून कळायचं नाही. माझे तीन मुलगे सरदारांच्या जमिनीवर आहेत आणि तिघांपैकी एकाच्याही नावाची नोंद झालेली नाही. करू करू म्हणून थोरले सरदार गेले, धाकटे तर तेवढंही म्हणत नाहीत. मी ते वाक्य बोललो तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतल्या चुली विझतील.

तुम्ही बहिणीची मुलं, माझ्यावर तुमचा हक्क. तो मी कधी नाकारला नाही. माझं डुक्कर मागा, होडी मागा, मामीच्या अंगावरची चटई मागा, हसत देईन. माझी जीभ मागू नका. ती माझी नाही. ती माझ्या बापाचीही नव्हती, हाउमोलेंची होती. आमच्या घराण्यात माणूस जन्माला येतो तो दुसऱ्याचं बोलण्यासाठी.

लेसिएली समोरून जाते आणि बघत नाही. तिला समजाव. तुझं ऐकेल ती, म्हणजे ऐकणार नाही, पण वाचेल.

मामावरचा लोभ संपला असेल तर तसं कळवू नकोस.
पाउला

—

तोआफाले
८ मार्च १९९२

चि. मोसेसे यास,
अ. उ. आ.

हरलो. वकिलाने कळवलं असेलच, पण त्याने हे लिहिलं नसेल.

न्यायाधीश बाहेरून आलेले गोरे गृहस्थ. आवाज मऊ, माणूस सज्जन. मी शपथ घेतली, खुर्चीवर बसले आणि बोलायला लागले तोच सरदार आत आले. मी खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसले. माझ्याच दाव्यात. कळलंच नाही मला, गुडघे आपोआप वाकले. वकिलाने दंडाला धरून उठवलं आणि कानात म्हणाला की बाई, असं करू नका, तुम्ही त्यांच्यावर आरोप करता आहात.

मग न्यायाधीशांनी विचारलं की कागद कचेरीचा होता, तर तुम्ही तो कचेरीत का दिला नाही. दुभाष्याने सांगितलं. मी म्हटलं, मान म्हणून. त्यांना काही ते उमगेना, तीनदा विचारलं. तीनदा मी तेच म्हटलं. लोक खाली बघत होते. त्या सगळ्यांनी तेच केलं असतं, पण हे उठून सांगणारा एकही निघाला नाही.

मामाला विचारलं की त्या दिवशी तू होतास का. होतो म्हणाला. काय दिलं गेलं? कोनफळं, डुक्कर, कावा. एवढं अगदी नीट मोजून सांगितलं. आणि कागद? त्या वेळी आपण कावा ढवळत होतो, नजर भांड्यात होती, म्हणाला. साठ वर्षांत या माणसाने कधी स्वतः कावा ढवळलेला नाही. ते तरण्या पोरांचं काम आहे. सगळ्या कोर्टाला ते माहीत होतं, एक न्यायाधीश सोडून.

बाहेर आल्यावर तो माझ्यामागे आला. मी थुंकले. त्याच्यावर नाही, शेजारी. आईचा भाऊ आहे, तेवढं भान राहिलं.

तू वरच्या कोर्टात जायचं म्हणतोस. वकील म्हणतो की तुझ्याकडच्या प्रतीवर तारीख आहे, टपालाची नोंद आहे, तिथे नीट ऐकतील आणि पुष्कळ आशा आहे. जा मग. मला आता आशेची भीती वाटते, पण तू जा.

भोपळे चांगले आले आहेत. बाबांची माती आहे, येणारच.

तुझी,
लेसिएली

—

तोआफाले
२१ फेब्रुवारी १९९३

चि. मोसेसे यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे. आधी इकडचं तिकडचं लिहिते, मग हिंमत झाली तर मुद्दा.

निवडणूक झाली. मी मत दिलं ते सरदारांविरुद्ध तोंड उघडणाऱ्या माणसाला, आणि तो आला. गावात सगळ्यांनीच त्याला दिलं असावं, कारण मोजणीच्या वेळी सगळे एकमेकांकडे न बघता हसत होते. सभागृहात आता आपले नऊ आहेत. सरदारांचेही नऊ. ते तिसेक जण मिळून नऊ निवडतात आणि आपण सगळा देश मिळून नऊ, उरलेले महाराज नेमतात. मत देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी भोपळे निवडायला गेले. आपल्याच शेतात, रोजावर. चांगले एका बाजूला, डागी एका बाजूला. मुकादम कुठून तरी लांबून आला आहे, त्याने मला इथली माती कशी असते ते समजावून सांगितलं.

सेमिसीला नऊ तारखेला सोळा पूर्ण झाली. तुझ्याएवढा उंच आहे. सोळा झाल्यावर पुरुषाला जमीन मागता येते, कायद्यात आठ एकर लिहिलेली आहेत. पण जमीन सरदारांच्या हद्दीत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कागद हलत नाही. त्याच्या बापाची जमीन नाही, आजोबांची मी घालवली. बिनजमिनीच्या पुरुषाला गावात कोण मुलगी देतं? कावाच्या बैठकीत तो कुठे बसेल? तुझ्यासारखा दुसऱ्याच्या नावाने मटण कापायला जाईल.

म्हणून मी गेले. होय, त्याच अंगणात. कोनफळं विकत घेऊन गेले, आपली नाहीत आता. मामाने माझे शब्द आत नेले आणि त्यांचे बाहेर आणले. सरदार म्हणतात की लगूनच्या खाऱ्या पाण्याच्या कडेला तीन एकरांचा तुकडा आहे, तो सेमिसीच्या नावे नोंदवता येईल. खारी जमीन आहे ती, तुला माहीत आहे. पण ज्या घराने वरच्या कोर्टात त्यांच्यावर दावा लावला आहे, त्या घरच्या पोराला त्यांनी कोणत्या तोंडाने जमीन द्यावी, असंही म्हणतात.

वकील म्हणतो मे महिन्यात सुनावणी आहे आणि आपण जिंकू. जिंकशीलही. पण मग काय? जमीन तुझी, तुझ्यानंतर तुझ्या तेविताची. त्याने तोआफालेचा रस्तासुद्धा पाहिलेला नाही. सेमिसीला त्यातलं वीतभरही मिळणार नाही, ते तुझ्या मनात असलं तरी कायद्यात बसत नाही. आणि तू जिंकलास तर सेमिसीला दुसरीकडे जमीन द्यायला सरदार तयार होणार नाहीत.

मोसेसे, आजवर मी तुझ्याकडे बहिणीच्या हक्काने काही मागितलं नाही. आज मागते. दावा मागे घे. सही करून कागद पाठव.

तू पहाटे कशाच्या धीरावर उठतोस ते तू मला लिहिलं होतंस. ते मी विसरलेले नाही. मी काय काढून घेते आहे ते मला कळतं, आणि तू नाही म्हणू शकत नाहीस हेही कळतं, म्हणून तर मागायला जीव धजत नव्हता. नीच आहे हे. त्या माणसाने माझी जमीन खाल्ली, चटई नेली, मामा नेला, आणि आता माझ्याच हाताने माझा भाऊ त्याच्यापुढे ठेववून घेतो आहे. पण पोरगं माझं आहे. मी दुसरं काय करू, ते तूच सांग.

तुझ्या मायेवर माझा आता हक्क नाही. राहिली तर ठेव.
लेसिएली

—

मांगेरे, ऑकलंड
१४ मार्च १९९३

ती. ताईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सही केली आहे. एक प्रत कोर्टात आणि एक सरदारांना पाठवली, म्हणजे मला आठवत नाही असं त्यांना म्हणावं लागणार नाही.

आना तीन दिवस रागात होती. चौथ्या दिवशी म्हणाली की तिच्या भावानेही तिच्यासाठी हेच केलं असतं, आणि रडली. तिच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. माझ्या मनात काय आहे ते लिहिता येत नाही. भावाने बहिणीला लिहायचं नसतं म्हणून नाही, खरोखरच येत नाही. पहाटे उठतो, कामावर जातो. सवय झाली आहे, त्याला धीर लागतोच असं नाही.

लगूनच्या कडेला नारळ येतात. खारी माती असली तरी येतात. पहिली दोन वर्षं पाणी गोडं द्यावं लागतं, विहिरीवरून आणावं लागेल. सेमिसी माझ्याएवढा उंच झाला म्हणता, तो आणील.

एकच मागणं आहे. हे मागणं म्हणजे तुम्हाला सांगतो आहे ताई, पहिल्यांदाच, सरळ. मी, त्याच्या मामाने, आपली जमीन सोडली म्हणून ही मिळाली, असं सेमिसीला कळू देऊ नका. सरदारांनी मोठ्या मनाने दिली असंच त्याला वाटू दे. त्याला जन्मभर त्या अंगणात मान खाली घालून बसायचं आहे, आणि खरं कळलं तर त्याला तसं बसता यायचं नाही.

तुमच्या मायेतला,
मोसेसे